वाचनालयाच्या साईटवर वर्षभर वापरलेली ड्रुपलची मॉड्यूल्स

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाची साईट ड्रुपल ७ वर होती. ड्रुपल म्हणजे वेबसाईट उभारायची आणि चालवायची प्रणाली, आणि मॉड्यूल म्हणजे तिला जोडायचा जादा सोयीचा भाग. ड्रुपल ७ ला ५ जानेवारी २०२५ नंतर सुरक्षा अपडेट्स मिळणार नाहीत हे ठरलेलं होतं, म्हणून ती ड्रुपल १० वर नव्याने उभी केली. ११ घ्यायचं मनात होतं, पण त्याला पीएचपी (ड्रुपल ज्या भाषेत लिहिलं आहे ती) ८.३ लागतं आणि आमच्या होस्टिंगवर तेव्हा ते नव्हतं. त्याला आता वर्ष उलटून गेलं. या काळात बरीच मॉड्यूल्स घातली, काही काढली. साईटवर मजकूर भरतात त्या आमच्या ग्रंथपाल मॅडम. त्यांना संगणकाची सवय आहे, पण साईट चालवणं हे काही त्यांचं काम नाही. त्यामुळे मॉड्यूल चांगलं की नाही हे मी दोनच गोष्टींवर ठरवत गेलो: मॅडमचं काम हलकं झालं का, आणि मराठी मजकूर त्यात नीट चालतो का.

सगळ्यात आधी पाथऑटो. पानाच्या शीर्षकावरून पत्ता आपोआप तयार करणारं हे मॉड्यूल. टोकन आणि सीटूल्स ही दोन सोबत लागतात. इंग्रजी साईटवर ते बसवलं की विसरून जावं इतकं सोपं आहे. मराठीत मात्र पहिल्याच दिवशी अडलं. सेटिंगमध्ये शीर्षक रोमन लिपीत बदलून घ्यायची एक खूण असते. ती लागलेली असली की ठरलेल्या कोष्टकाप्रमाणे एकेक अक्षर सुटं धरून बदललं जातं. कुठला अकार उच्चारायचा आणि कुठला नाही, हे त्या कोष्टकाला कळण्याचा प्रश्नच नाही. तयार झालेला पत्ता वाचून मूळ शब्द ओळखता येईना.

मग ती खूण काढली आणि पत्ते देवनागरीत ठेवले. ब्राउझरच्या पट्टीत ते फार छान दिसतात, मला मनापासून आवडले होते. पण मॅडमनी दिवाळी अंक योजनेची लिंक सभासदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली आणि टक्क्यांच्या खुणा व आकड्यांची एक लांबलचक ओळ उमटली. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, मात्रासुद्धा, यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाइट घेतं आणि लिंक कॉपी होताना प्रत्येक बाइटची तीन अक्षरं होतात. म्हणजे 'दिवाळी' या एका शब्दाची ५४ अक्षरं, आणि 'दिवाळी-अंक-योजना' एवढ्याची १२८. दोन ज्येष्ठ सभासदांनी फोन करून विचारलं, "हे उघडायचं का? व्हायरस तर नाही ना?" त्यांचं चुकलं असं कोण म्हणेल?

शेवटी मजकुराच्या फॉर्ममध्ये 'लिंकसाठी छोटं नाव' असं एक साधं फील्ड वाढवलं. त्यात मॅडम रोमन लिपीत दोन-तीन शब्द लिहितात आणि पाथऑटोच्या नमुन्यात शीर्षकाऐवजी त्या फील्डचं टोकन (ज्या जागी फील्डमधला मजकूर येतो ती खूण) दिलं आहे. दहा सेकंदांचं काम. सोबत रिडायरेक्ट हे मॉड्यूल आहे, त्यामुळे पत्ता बदलला तरी जुनी लिंक नव्या पानावर नेते. मराठी साईट करणाऱ्याने हे पहिल्या दिवशीच करावं. आम्ही दोन महिन्यांनी केलं आणि तोवर जुन्या लिंका चारी दिशांना गेल्या होत्या.

साईटवरचा शोध सांभाळणारं सर्च एपीआय हे माझ्या मते या सगळ्यांत मोलाचं मॉड्यूल आहे. ड्रुपलच्या मूळ शोधात तीनपेक्षा कमी अक्षरांचे शब्द सुरुवातीच्या सेटिंगमध्ये धरतच नाहीत. सर्च एपीआयमध्ये कुठली फील्डं शोधायची, कशाला किती वजन द्यायचं, हे आपण ठरवतो. पुस्तकाच्या नावाला जास्त वजन, लेखकाला त्याखालोखाल, वर्णनाला सगळ्यात कमी, असं आम्ही ठेवलं. वेगळा सर्व्हर घेतला नाही, साईटचाच डेटाबेस वापरतो. आमच्या पुस्तकांच्या यादीला तेवढं पुरतं.

अडचण विभक्तीची. एके दिवशी मॅडम म्हणाल्या, "अहो, 'पाणी' टाकलं तर ते पुस्तक येत नाही, आणि पुस्तक तर माझ्या समोर कपाटात आहे." वर्णन उघडून पाहिलं तर त्यात 'पाण्याचं नियोजन' असं होतं. 'पाणी' हा शब्द त्या वर्णनात कुठेच नव्हता. शब्दाच्या सुरुवातीचा भाग जुळला तरी चालेल, असा पर्याय या मॉड्यूलमध्ये आहे. त्यामुळे 'गाव' टाकल्यावर 'गावाला', 'गावातली' हे सापडतं, कारण तिथे मूळ शब्द शाबूत राहतो. पण 'पाणी'चं 'पाण्या' झालं, 'घोडा'चं 'घोड्या' झालं की जुळणी तुटते. शब्दाचं मूळ रूप काढणारा भागही मॉड्यूलमध्ये आहे, पण तो इंग्रजीसाठी. आम्ही विषयांची एक वेगळी यादी केली, प्रत्येक पुस्तकाला मूळ रूपातले दोन-तीन विषय लावले आणि ती यादी शोधात घेतली. हे हाताने करायचं काम आहे. सुट्टीत तीन विद्यार्थी रोज दोन तास बसले तेव्हा कुठे ते बालविभाग सोडून पुरं झालं. पण आता शोध खरोखर उपयोगी पडतो.

आणखी एक बारीक गोष्ट. 'वाऱ्यावर', 'दऱ्या' यातला ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो: कुणाच्या कीबोर्डवर नुक्त्याच्या ऱ ने, कुणाच्या साध्या र नंतर न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, शोधाला मात्र ते वेगळे शब्द वाटतात. मजकूर भरणाऱ्या सगळ्यांनी एकच कीबोर्ड वापरायचा, एवढा नियम आम्ही केला.

वेबफॉर्म, म्हणजे साईटवर फॉर्म बनवायचं मॉड्यूल. दिवाळी अंक योजनेची नोंदणी पूर्वी वहीत व्हायची, गेल्या वर्षी पहिल्यांदा साईटवरून घेतली. 'जुने सभासद' निवडलं तरच सभासद क्रमांकाची चौकट दिसते, ठरलेल्या तारखेला फॉर्म आपोआप बंद होतो, प्रत्येक नोंदणीला अनुक्रमांक मिळतो आणि तोच पावतीवर लिहिता येतो. यातलं काहीही करायला कोडची एक ओळ लिहावी लागली नाही. यादी उतरवून घेतली तेव्हा एक्सेलमध्ये सगळी नावं चित्रविचित्र खुणांची दिसली आणि मॅडम घाबरल्या की नोंदी गेल्या. नोंदी सुरक्षित होत्या. यादी उतरवतानाच्या पर्यायांत 'एक्सेलला चालेल अशी फाईल' या अर्थाची एक खूण असते, ती लावली की देवनागरी स्वच्छ उघडतं. तिची कल्पना कुणी आधी दिली असती तर एक रात्र वाचली असती. आणि एक विनंती करतो: लोकांचे मोबाईल नंबर फॉर्ममध्ये घेत असाल, तर जुन्या नोंदी ठरावीक दिवसांनी आपोआप पुसण्याची सोय वेबफॉर्ममध्येच आहे, ती वापरा. आम्ही १८० दिवस ठेवले आहेत. लोक विश्वासाने नंबर देतात.

शेड्युलरने ठरलेल्या वेळी पान प्रसिद्ध होतं. १५ ऑगस्टच्या झेंडावंदनाच्या वेळेत बदल झाला होता, त्याची सूचना पहाटे ५ ला दिसावी असं लावून ठेवलं होतं. सकाळी ७ ला साईटवर काहीच नव्हतं. दोष शेड्युलरचा नव्हता. तो क्रॉनवर, म्हणजे ठरावीक वेळाने कामं आपोआप उरकणाऱ्या सोयीवर चालतो, आणि ड्रुपलमधला आपोआप चालणारा क्रॉन सुरुवातीला तीन तासांवर लावलेला असतो. त्यातही कुणी साईटवर आलं तरच तो चालतो. पहाटे ४.५० ला कुणीतरी येऊन गेलं होतं, म्हणजे पुढची पाळी ७.५० नंतरच. होस्टिंगच्या पॅनेलमधून दर १५ मिनिटांनी क्रॉन लावला, त्यानंतर एकदाही चूक झालेली नाही.

पॅराग्राफ्सबद्दल मी फार उत्साहात होतो. पान तुकड्यातुकड्यांनी रचता येतं: एक मजकुराचा तुकडा, एक फोटोंचा, एक अवतरणाचा. मोठ्या संस्थेत, जिथे पानं रोज वेगवेगळ्या घाटाची निघतात, तिथे त्याला तोड नाही. आमच्याकडे बातमी म्हणजे एक फोटो आणि दोन परिच्छेद. मॅडमना प्रत्येक वेळी 'कुठला तुकडा जोडू?' हा प्रश्न पडायचा. चार महिन्यांनी काढून टाकलं. काढताना मी घाईत कंपोजरने (मॉड्यूलच्या फाईली आणायचं-काढायचं साधन) फाईली आधी उडवल्या आणि साईटमधून विस्थापित करायचं राहिलं. साईट त्या मॉड्यूलच्या फाईली शोधत राहिली आणि इशारे देत राहिली. फाईली परत आणून, रीतसर विस्थापित करून, मग कंपोजरने काढल्या. क्रम लक्षात ठेवा: आधी साईटमधून, मग फाईली. आणि त्याच्याही आधी डेटाबेसचा बॅकअप.

बाकीची थोडक्यात. ॲडमिन टूलबार लावाच, मेनूवर माऊस नेला की आतली यादी खाली उघडते. ते नसतं तर मॅडमना काम करवलं नसतं. मेटाटॅगमुळे लिंकसोबत फोटो आणि दोन ओळी दिसतात. हनीपॉटने फॉर्ममधला कचरा जवळजवळ बंद झाला. माणसाला न दिसणारी एक चौकट तो फॉर्ममध्ये ठेवतो आणि यंत्रं ती भरून सापडतात. त्यात किमान वेळेची अट पण आहे, पण ती लावली की त्या फॉर्मच्या पानाचं कॅशिंग, म्हणजे तयार पान साठवून पटकन देणं, बंद होतं. आमचा फॉर्म प्रत्येक पानाच्या तळाशी होता, त्यामुळे सगळी साईट मंदावली. वेळेची अट शून्य केली, नुसती चौकट पुरे झाली.

ड्रुपलचे सुरक्षा अपडेट्स बुधवारी येतात, आपल्याकडे तेव्हा बहुधा रात्र झालेली असते. ऑक्टोबर २०१४ मध्ये ड्रुपल ७ मधली एक मोठी त्रुटी जाहीर झाली, तेव्हा सात तासांच्या आत दुरुस्ती केली नसेल तर साईट हल्लेखोरांच्या हाती गेली असं समजा, असं ड्रुपलच्या सुरक्षा पथकानेच सांगितलं होतं. म्हणून दर गुरुवारी सकाळी कामावर जाण्याआधी मी यादी पाहतो. मॉड्यूल्स जितकी कमी, तितकी ही सकाळ लवकर आटपते. नवं काही घालायचं झालं तर त्याच्या पानावर सुरक्षा पथकाचं संरक्षण असल्याची ढालीची खूण आहे का, हे आधी बघतो. परवाच मॅडमनी वाचकांना पुस्तकांना तारे देता यावेत म्हणून एक मॉड्यूल सुचवलं. ढालीची खूण आहे, पण मॅडमना म्हटलं, आधी विषयांच्या यादीतली उरलेली बालविभागाची पुस्तकं भरून घेऊ.