राजगड–तोरणा की पन्हाळा–पावनखिंड?

एकेका दिवसाचे चार-सहा ट्रेक झाले की दोन दिवस सॅक पाठीवर टाकून चालायची हौस येते आणि मग हटकून हीच दोन नावं पुढे येतात. नुसतं अंतर बघून ठरवू नका. पन्हाळा ते पावनखिंड सुमारे ५० किलोमीटर, गुंजवणे ते राजगड, तोरणा करून वेल्हे जेमतेम त्याच्या निम्मं. तरी नवख्याला मी आधी पन्हाळ्याला पाठवेन.

राजदिंडीने पन्हाळा उतरलात, मसाई पठार ओलांडलंत की पुढे करपेवाडी, आंबेवाडी, पांढरेपाणी अशी वस्ती लागत राहते. पाय गळाले तर थांबता येतं, माणसं भेटतात. जुलै १६६०च्या ज्या पावसात महाराज याच बाजूने विशाळगडाकडे निघाले आणि बाजीप्रभूंनी घोडखिंड, म्हणजे आजची पावनखिंड, रोखली, त्याच दिवसांत लोक ही वाट चालतात. मीही तेव्हाच जा म्हणेन. गटाने निघणाऱ्या मोहिमेसोबत गेलात तर आणखी बरं. खरा त्रास चिखलाचा आणि जळवांचा. भातखाचराच्या बांधावरून माझा पाय घसरून रुतला, ओढून काढला तर बुटाचा तळ आतच राहिला. बाकीची वाट बूट सुतळीने आवळून चाललो. जुने, चिकटवलेले बूट नेऊ नका आणि कोरड्या मोज्यांचे दोन जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा.

राजगड–तोरण्याची वाट पावसाळ्यात नकोच. राजगडाच्या संजीवनी माचीवरून अळू दरवाज्याने उतरून भुतोंड्याची खिंड गाठायची आणि धारेधारेने तोरण्याची बुधला माची चढायची. धारेवर दोन्हीकडे दरी, पायाखाली घसारा. ओल्या गवतावर किंवा धुक्यात तिथे चुकीला जागाच नाही. उंचीची भीती वाटत असेल तर हिवाळ्यातही विचार करा. नसेल, तर मात्र नोव्हेंबर ते जानेवारीत नक्की जा. धारेवर उभं राहून मागे राजगड आणि समोर बुधला एकदम दिसतो, ते मला आजही पुरतं सांगता येत नाही. धारेवर पाण्याचा भरवसा नाही, माणशी चार लिटर घ्या. गडावर मुक्काम धरून चालू नका, परवानगी आधी विचारा. तोरण्यावरच्या मेंगाई देवीच्या देवळापाशी चारच्या आत पोहोचलात तर वेल्ह्याची उतरण उजेडात होते.