दारं धरता धरता केलेला अभ्यास : नऊ महिन्यांचा अनुभव

आमच्याकडं शेतीपंपाची लाईट काही दिवस दिवसा येते, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की हरभऱ्याला पाणी द्यायला जावंच लागतं. एक वाफा भिजेपर्यंत बांधावर बसायचं, मग दारं मोडून, म्हणजे पाटाच्या तोंडाची माती फोडून, पाणी पुढच्या वाफ्यात सोडायचं. मागच्या दिवाळीनंतर त्या बसायच्या वेळात मी कानात इयरफोन घालून राज्यशास्त्र आणि इतिहास ऐकायला लागलो. बी.ए. दुसऱ्या वर्षाला सुटलं, त्याला सोळा वर्षं झाली. आता गावातली पोरं विचारतात, "भाऊ, फुकटात नेमकं काय मिळतं?" म्हणून हे सविस्तर लिहितोय. मी सेलू तालुक्यातला, जिल्हा परभणी.

सुरुवात स्वयम् वरून केली. केंद्र सरकारचं हे व्यासपीठ 2017 च्या जुलैत सुरू झालं. व्हिडिओ, वाचायचं साहित्य, स्वतःला तपासायचे प्रश्न आणि शंका विचारायची जागा, असे चार भाग असतात. शिकायला पैसे लागत नाहीत. प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेची फी वेगळी भरून केंद्रावर जाऊन पेपर द्यावा लागतो. मी परीक्षा दिली नाही. मला तेव्हा प्रमाणपत्राची गरज नव्हती, पण नोकरीच्या नादात असलेल्या पोरांनी तारखा आधी बघून ठेवाव्यात.

भाषेची अडचण खरी आहे. बहुतेक व्याख्यानं इंग्रजीत, काही हिंदीत. पहिले तीन आठवडे मला निम्मं कळत नव्हतं. मग मी एक केलं. अडलेला शब्द वहीत लिहायचा आणि सकाळी मराठी विश्वकोशात बघायचा. सार्वभौमत्व, संघराज्य अशा नोंदी तिथं मोफत वाचायला मिळतात. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईला बसून उभं केलेलं हे काम आज बांधावरच्या मोबाईलवर उघडतं, याचं मला खरंच अप्रूप वाटतं. विश्वकोश नसता तर मी डिसेंबरातच सोडून दिलं असतं.

एक वाईट अनुभवही सांगतो, नाव घेत नाही. एका ठिकाणी 'पूर्ण मोफत' म्हणून नाव नोंदवलं. दोन आठवडे झाले आणि पुढचे धडे बंद. पैसे भरा, मग उघडू. नाव नोंदवायच्या आधी शेवटच्या आठवड्याचा धडा उघडतो का ते बघा.

व्हिडिओबद्दल माझं स्पष्ट मत झालंय. नुसतं ऐकून समजल्यासारखं वाटतं, समजत नाही. फरक पडला तो मूळ कागद वाचायला लागल्यावर. संविधान सभेच्या चर्चा ऑनलाइन मोफत आहेत. बाबासाहेबांचं 25 नोव्हेंबर 1949 चं भाषण मी शाळेपासून दोन-चार ओळींपुरतं ऐकत आलो होतो. पूर्ण वाचायला चार रात्री लागल्या. राजकारणात समता आणि समाजात, आर्थिक जीवनात विषमता, अशा विसंगतीच्या आयुष्यात आपण पाऊल टाकतोय, हा इशारा माहीत होता. पण त्याच भाषणात ते स्वतःला मिळालेलं श्रेय संविधान सभेचे सल्लागार बी. एन. राव आणि मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांच्याकडं वळवतात, हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. त्या रात्री दारं मोडायचं राहिलं, वाफा फुटून पाणी शेजाऱ्याच्या शेतात गेलं.

त्याच ओघात कोणत्या संस्थानाचे किती सदस्य या सभेत होते, ती यादी बघितली. म्हैसूरचे सात. आमचा मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, म्हणून हैदराबाद शोधतोय, तर नाव नाहीच. मला वाटलं पान सुटलं. परत बघितलं. मग तारखा जुळवल्या. सभा 9 डिसेंबर 1946 ला बसली. निजाम बाहेरच राहिला. 29 नोव्हेंबर 1947 ला भारत सरकार आणि निजाम यांच्यात 'जैसे थे' करार झाला. 13 ते 17 सप्टेंबर 1948 ला भारतीय सैन्याची कारवाई, म्हणजे 'पोलीस ॲक्शन', झाली आणि त्यानंतर लष्करी गव्हर्नरचा अंमल आला. म्हणजे संविधान लिहिलं जात असताना आमच्या मुलखाच्या वतीनं तिथं बोलायला कुणीच नव्हतं. दरवर्षी 17 सप्टेंबरच्या झेंडावंदनाला उभा राहतो मी, आणि हे मला छत्तिसाव्या वर्षी कळलं. मी केलेल्या एका अभ्यासक्रमात तर अख्ख्या हैदराबाद मुक्तिसंग्रामाला दीड वाक्य होतं. लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचं नावही नाही. ही उणीव मोठी आहे, आणि मराठवाड्यातल्या माणसाला ती लागतेच.

म्हणून पुढचं मी स्वतः शोधत गेलो. निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांनी केलेले अत्याचार घरोघरी ऐकलेले आहेत. पंडित सुंदरलाल समितीबद्दल मात्र मी कधीच ऐकलं नव्हतं. कारवाईनंतर झालेल्या हिंसाचाराची चौकशी करायला भारत सरकारनं पाठवलेली ही समिती नोव्हेंबर-डिसेंबर 1948 मध्ये संस्थानात फिरली. मुसलमानांच्या हत्यांचा तिचा अंदाज 27 ते 40 हजारांचा होता. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. अहवाल कितीतरी दशकं लोकांसमोर आला नाही. वाचून मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. रझाकारी खरी आणि हेही खरं. दोन्ही एकत्र सांगणारं भाषण मी झेंडावंदनाला ऐकलेलं नाही.

शेजारचे आबा नव्वदीच्या आसपास. त्यांची तिथी-तारीख 'ॲक्शनच्या साली' अशीच चालते. त्यांना हे वाचून दाखवलं. बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "आमच्या कडब्याच्या गंजीत तिघं होते रे. बापानं आठ दिवस भाकरी नेऊन दिली. कुणाला बोलायचं न्हाई म्हणला, म्हणून बोललो न्हाई." शेजारी राहून छत्तीस वर्षांत मला हे माहीत नव्हतं.

तेव्हापासून आबांचं बोलणं मोबाईलवर नोंदवून ठेवतोय. तीन बैठका झाल्या. गंजीतल्या तिघांपैकी एकाचा मुलगा जालन्याला असतो. चौथ्या बैठकीला त्याला फोन लावून द्यायचा, असं आबांनी बजावून सांगितलंय.