मिरजेचा तानपुरा: सतारमेकर गल्लीतल्या एका कारखान्याचा रिव्ह्यू, आणि टीम सांभाळणाऱ्यांसाठी थोडं जास्तीचं

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे ज्यांना फक्त वाद्य घ्यायचंय त्यांना पुढचं पुराण वाचायला नको. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत ऑर्डर देऊन बनवून घेतलेला लेडीज तानपुरा, काळी चार पट्टीचा, चार तारांचा, तूणच्या लाकडाचा. आवाज पाचपैकी पाच. जवारी (म्हणजे काय ते खाली सांगते) पाचपैकी पाच. फिनिशिंग साडेचार, कारण दांडीवरची नक्षी एका ठिकाणी जराशी वर आलीये, बोटाला लागते. वेळ पाळणं पाचपैकी दोन, त्याचं सविस्तर खाली लिहिते. पैसे पूर्ण वसूल.

कारखान्याचं नाव टाकत नाहीये कारण तिथल्या उस्तादांनी, सगळे त्यांना चाचा म्हणतात, त्यांनीच नको म्हणून सांगितलं. गल्लीत सगळे एकमेकांचे चुलत-मावस, एकाचं नाव लिहिलं की बाकीच्यांना वाईट वाटतंय म्हणाले. पटलं मला. शिवाय चांगलं काम करणारी घरं तिथे एकापेक्षा जास्त आहेत, गल्लीत शिरलात की कान आपोआप तुम्हाला कुठल्यातरी दारात नेऊन उभं करतो.

आता जास्तीचं. मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत टीम सांभाळते आणि संध्याकाळी गाणं शिकते. आमच्याकडे लीडरशिप, कल्चर वगैरेची ट्रेनिंगं बरीच होतात, एकदा तर एका मोठ्या गायकालाच बोलावलं होतं, त्यांनी छान भूप राग गायला, मग एका कन्सल्टंटने स्लाइडवर लिहिलं की टीम म्हणजे सुरांचा मेळ, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि सोमवारी सगळे होते तसेच, कोणी कुणाचं ऐकत नव्हतं. कलाकाराकडून कंपनीवाल्यांनी शिकण्यासारखं प्रचंड आहे असं माझं ठाम मत आहे, पण ते स्टेजवर बसलेल्या कलाकाराकडून शिकायला गेलं की नुसती उपमा हाती लागते. कला जिथे रोज घासली जाते तिथे जाऊन बसावं लागतं. मला ती जागा मिरजेत मिळाली, तीही तानपुरा घ्यायला गेले म्हणून.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मिरज, सांगली जिल्हा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून इथे तंतुवाद्यं बनतात. सुरुवात केली फरीदसाहेब सतारमेकर यांनी, मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारं घराणं. संस्थानिकांचं लढायांचं काम कमी झालं आणि हत्यारांवर चालणारा हात वाद्यांच्या दुरुस्तीकडे, मग बनवण्याकडे वळला, आडनावसुद्धा पुढे सतारमेकर झालं. किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेब इथेच राहिले, १९३७ साली ते गेले, मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे आणि तिथे दर वर्षी त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. गल्लीत याचा आनंद आहेच, पण काम त्याच्या आधीही असंच चालायचं आणि आताही तसंच चालतंय.

कारखाना म्हणजे प्रत्यक्षात एक लांबट खोली आणि मागे अंगण. माळ्यावर भोपळे. हे भोपळे खायचे नव्हेत, कडू जातीचे, सोलापूर जिल्ह्यातून पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, महिनोन्महिने वाळवतात, मग पाण्यात भिजवून कापतात आणि तोंडाला आकार राहावा म्हणून आत काड्या ठोकून पुन्हा वाळवतात. एकजण तबली, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरची लाकडी फळी, बसवतोय, एकजण दांडी कोरतोय, एकजण खुंट्या, एकजण लाखेचं पॉलिश, आणि कोपऱ्यात खिडकीजवळ चाचा जवारीला. सगळे एकाच खोलीत. मला आधी वाटलं जागा कमी म्हणून. तसं नाहीये, मागचं अंगण रिकामं होतं. पॉलिशवाला पोरगा दिवसभर पॉलिश करतो पण दिवसभर त्याच्या कानावर जवारी पडत असते. त्याला कोणी शिकवत नाही आणि तरी तो शिकतोय. आमच्याकडे ऑनबोर्डिंगचे व्हिडिओ आहेत, क्विझ आहे, सर्टिफिकेट आहे, आणि सीनियर लोक काम करतात ती खोली मात्र काचेची, दार बंद.

जवारी म्हणजे काय ते सांगायला हवं नाहीतर पुढचं कळणार नाही. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा सपाट दिसतो पण अगदी किंचित उतार दिलेला असतो, कानशीने, हाताच्या अंदाजाने. तार त्या उतारावर थरथरताना घासत राहते आणि तो झंकार येतो. मग तार आणि घोडीच्या मध्ये सुताचा एक साधा दोरा सरकवतात, केसभर पुढे-मागे, आणि एका ठिकाणी आवाज एकदम उघडतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली यावर शास्त्रीय निबंध लिहिला होता, की तार जिथे छेडली त्यावरून नियमाप्रमाणे काही उपस्वर (मुख्य सुराबरोबर उमटणारे बारीक सूर) उमटायलाच नकोत, पण आपल्या तानपुऱ्यात आणि वीणेत तेही ऐकू येतात, आणि हे सगळं त्या घोडीमुळे. म्हणजे पुस्तकातला नियम मोडणारी गोष्ट ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या कानशीने करत आलीयेत.

मी बसले होते त्या दिवशी दुसऱ्या कोणाचा तरी एक तानपुरा तयार होता, गिऱ्हाईक बाहेरगावचं, पैसे दिलेले, पेटी उघडी, गृहस्थांना रेल्वे पकडायची होती. चाचांनी शेवटचा हात फिरवला, ते गृहस्थ एकदम खूष, मलाही वाटलं काय सुरेल आहे. तेवढ्यात पॉलिशवाला पोरगा, असेल अठरा-एकोणीसचा, मान वर न करता म्हणाला, "चाचा, दुसरा जोड मरतोय." खोलीत सगळ्यांचे हात थांबले. चाचांनी मधल्या दोन तारा, त्यांनाच जोड म्हणतात, परत परत छेडल्या, डोळे मिटून. मग काही न बोलता तार सैल केली, दोरा काढला आणि कानस त्या पोराकडे सरकवली. "बघ तूच." त्याने हात पुसले, येऊन बसला, घोडीवर दोन-तीनदाच फिरवली असेल कानस, बोटाने भुगा पुसला, तार चढवली, दोरा सरकवला. नाही जमलं. पुन्हा. चाचांनी हात लावला नाही, फक्त एकदा म्हणाले, "घाई नको, गाडी दुसरी हाय." तिसऱ्या वेळी ती तार अशी काही उघडली की मला फरक आता कळला, आधी कळलाच नव्हता. शाबास वगैरे कोणी म्हणालं नाही. पोरगा उठून परत पॉलिशला बसला. त्या गृहस्थांची गाडी चुकली, आणि ते तक्रार न करता चहा पीत बसले.

मी त्यानंतर कितीतरी दिवस याच्यावर विचार करत होते. ज्याचं ते काम नाही, जो सगळ्यात धाकटा आहे, तो गिऱ्हाईकासमोर सगळ्यात मोठ्या माणसाची चूक सांगतो आणि कुणाला त्यात काहीच विशेष वाटत नाही, राग नाही, "बरं झालं बोललास" असं कौतुकसुद्धा नाही, कारण कौतुक करायला ती गोष्ट दुर्मिळ असावी लागते. आमच्याकडे रिव्ह्यूत ज्युनियर मुलं "ओके वाटतंय" एवढंच लिहितात. "मोकळेपणाने बोला" असं पोस्टर आहे, लिफ्टच्या शेजारी.

मी चाचांना विचारलं की पोराला एवढी धीट बोलायची सवय कशी लावली. त्यांना प्रश्नच नीट कळला नाही. म्हणाले, "बोलला कुठं, त्यानं ऐकलं. मरतोय तर मरतोय." तिथे वाद माझं-तुझं असा होतच नाही कारण निवाडा करायला मध्ये तार आहे, आणि ती सगळ्यांना ऐकू येते. चाचांचा मान उस्ताद म्हणून आहे तो त्यांचा कान सगळ्यात तीक्ष्ण आहे म्हणून, आणि त्यांच्यापेक्षा एखाद वेळी दुसऱ्याला आधी ऐकू आलं तर मान कमी होत नाही. आमच्यासारख्या मॅनेजर लोकांचा अर्धा जीव हा मान सांभाळण्यातच जातो हो.

आता गांधार. गाणाऱ्यांना हे नवीन नाही. तानपुऱ्यात पंचम (प), दोन जोड (सा), आणि खर्ज (खालचा सा). गांधाराची, म्हणजे ग ची, तार नसते. पण चारही तारा नीट लागल्या आणि जवारी नीट असली की खर्जाच्या तारेतून गांधार आपोआप ऐकू यायला लागतो, स्वयंभू गांधार म्हणतात त्याला. तो वाजवता येत नाही, पिळून काढता येत नाही, पाचवी तार लावून आणता येत नाही. नुसता खर्ज जरा उतरला तरी तो जातो. माझ्या मते कंपन्या जिला कल्चर म्हणतात ती अशी गोष्ट आहे, आणि आम्ही वर्षानुवर्षं गांधाराची तार शोधतोय: कल्चर कमिटी, कल्चर वीक, कल्चरचं बजेट. चाचांच्या कारखान्यात या नावाचं काहीही नाही. भोपळा नीट वाळलाय का, दांडी सरळ आहे का, दोरा जागेवर आहे का, एवढंच बघतात, आणि खोलीत पाऊल टाकलं की ती गोष्ट अंगावर येते.

अजून एक, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जवारी टिकत नाही. तार घासून घासून घोडीवर बारीक चरा पाडते, आवाज बंद होत जातो, आणि पुन्हा जवारी लावून घ्यावी लागते. बिघडलं म्हणून नाही, वाजवलं म्हणून. जितका जास्त रियाज तितकं लवकर. तयार वाद्य विकताना चाचा हे आधीच सांगतात, परत या म्हणतात. आमच्याकडे एकदा टीम छान जमली की आम्ही समजतो झालं काम, आता हात लावायला नको.

सगळंच गोड आहे असं नाही, तेही लिहिते. गुरु-शिष्य पद्धतीचे गोडवे गाणाऱ्यांनी हे विसरू नये की यात विद्या घरातच ठेवायची, शिष्याला वर्षानुवर्षं घरकामाला लावायचं, हेही चालत आलंय. मी गेले त्या खोलीत जवारीला एकही बाई नव्हती. पोरगा शिकतोय पण त्याला पैसे किती मिळतात हे विचारल्यावर उत्तर गुळमुळीत आलं, आणि इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणि मोबाईलवरच्या अ‍ॅपमुळे ऑर्डरी आधीसारख्या राहिल्या नाहीत त्यामुळे पुढच्या पिढीतली बरीच मुलं दुसरीकडे वळतायत. कला मोठी आहे म्हणून माणसाने कमी पैशात राबावं असा धडा कुणी ऑफिसात नेणार असेल तर त्याने कृपया मिरजेला जाऊ नये.

मी स्वतः काय केलं ते सांगते, फार मोठं नाही. आमच्या रिलीजच्या आधीचा रिव्ह्यू पूर्वी आम्ही तीन सीनियर मिळून करायचो, तो आता मोकळ्यावर, मोठ्या स्क्रीनवर होतो, नवीन मुलं आपापलं काम करत शेजारीच बसलेली असतात. दुसरं म्हणजे माझं मत मी शेवटी सांगते. पहिले काही आठवडे नुसती शांतता, मला फार अवघड गेलं, जीभ चावून बसायचे. मग एकदा टेस्टिंगमधली एक मुलगी, जिचा त्या मॉड्यूलशी संबंधच नव्हता, म्हणाली की हे नेट स्लो असलं की दोनदा पैसे कापेल. आम्ही म्हटलं नाही गं, तिने करून दाखवलं. रिलीज पुढे ढकललं, क्लायंट चिडला, तो फोन मी घेतला. दुरुस्ती तिच्याकडेच दिली, डेव्हलपर शेजारी बसून. तिला वेळ लागला, मला दहा वेळा वाटलं की डेव्हलपरलाच सांगावं, नाही सांगितलं.

बरं, आता घेणाऱ्यांसाठी. तारीख देतील ती धरून चालू नका, माझा तानपुरा सांगितल्यापेक्षा दीड महिना उशिरा आला. पावसाळी हवेत पॉलिश सुकत नाही हे कारण खरं असतं पण ते आधी फोन करून कळवत नाहीत आणि कामाच्या वेळेत फोन उचलत नाहीत, याचा मला खरंच त्रास झाला, गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमाला उसना तानपुरा आणावा लागला. ऑर्डर देताना अर्ध्याच्या आसपास अ‍ॅडव्हान्स घेतात, पावती मागून घ्या. आपली पट्टी नीट सांगा, लेडीज-जेंट्स एवढ्यावर सोडू नका. पार्सलने मागवू नका, भोपळ्याला तडा गेला की दुरुस्ती होते पण जीव जातो. फायबरची पेटी घेऊन स्वतः आणायला जा, रेल्वेने सरळ मिरज जंक्शन. खुंट्या घसरल्या तर जरासा खडू लावा. नक्षी कमी केली तर पैसे वाचतात आणि आवाजाला काही फरक पडत नाही, हे चाचांनीच सांगितलं. आणि घ्यायला जाल तेव्हा सकाळी जा, निदान दोन-तीन तास काढून, शक्य असेल तर तुमच्या गुरुजींना बरोबर न्या, म्हणजे कुठला जोड मरतोय ते गाडीत बसायच्या आधी कळेल.