अंबाड्याला पेन्सिल बरी की पायमोजा?

बडोद्यात मे महिन्याच्या दुपारी मानेवर केस ठेवून बाहेर पडवत नाही आणि नवरात्रात पाठीवर केस मोकळे सोडून गरबा खेळवत नाही. उरलेल्या महिन्यांत हेल्मेट आहेच. म्हणजे बाराही महिने केस वरच. प्लास्टिकचे चाप माझ्या केसांत महिनाभर टिकत नाहीत, म्हणून मी घरात हाताला लागेल त्याने अंबाडा घालायला लागले. आता सहा वर्षं झाली. त्यातली पहिली दोन मोज्याची, नंतरची पेन्सिलीची. भाची परवा फोनवर म्हणाली, ‘आत्या, एकच काय ते सांग.’ एकात सांगणं जमेना, म्हणून लिहायला बसले.

बांधायचे कसे ते तुम्हाला माहीत असणारच. फक्त पेन्सिलीबाबत एक गोष्ट, कारण निम्म्या जणी तिथेच चुकतात. केसांचा पीळ गुंडाळून झाला की पेन्सिल उलटी फिरवायची आणि टाळूलगतच्या केसांखालून घासत नेऊन पलीकडून बाहेर काढायची. नुसती अंबाड्यातून आरपार घातली, तर जिन्याच्या चौथ्या पायरीवर सगळं मोकळं.

मोज्याचं श्रेय आधी देऊन टाकते. पातळ केसांना त्याच्यासारखं दुसरं काही नाही. माझ्या जाऊबाईंचे केस बाळंतपणानंतर फार गळले; बोटं कापलेला काळा मोजा गुंडाळून कडं केलं, त्यावर केस पसरले, तर लग्नात तिघी-चौघींनी विचारलं, कोणतं तेल लावता? खांद्याच्या जरा खाली आलेले केससुद्धा त्यात बसतात, पेन्सिलीला त्याहून लांब लागतात. मोजा मात्र केसांच्याच रंगाचा हवा. घाईत मी एकदा मुलाचा शाळेचा राखाडी मोजा वापरला. दुपारी शेजारच्या टेबलवरच्या बाईंनी हळूच मागे वाकून सांगितलं, ‘तुमचं काहीतरी बाहेर आलंय.’

आता माझं जे बिनसलं ते. मी राहते दांडिया बाजारात, ऑफिस अलकापुरीत. रोज स्कूटर. मोज्याचा अंबाडा डोक्याच्या मागच्या उंचवट्यावर बसतो, बरोबर जिथे हेल्मेट बसायला हवं तिथे. हेल्मेट वर उचललं जातं, पट्टा हनुवटीला काचतो, आणि असं अर्धवट बसलेलं हेल्मेट घातलं काय, न घातलं काय. म्हणून निघताना केस मोकळे, मोजा पर्समध्ये, ऑफिसच्या बाथरूममध्ये पुन्हा मांडामांड: एक रबर शेपटीला, एक कड्यावरून, टोकं लपवायला सहा-सात आकडे. त्यातले दोन वॉशबेसिनमध्ये जाणार हे ठरलेलं. दहा मिनिटं सहज जायची. संध्याकाळी तेच उलट. पावसाळ्यात अलकापुरीच्या गरनाळ्यात, म्हणजे रेल्वेखालच्या बोगद्यात, पाणी भरलं की लांबून वळसा घालून, भिजून पोचायचं आणि मग ओल्या केसांवर ओला मोजा. ओले केस ताणले की लवकर तुटतात हे माहीत असूनही मी तेच करत होते. एका जुलैमध्ये बाथरूमच्या आरशासमोर आकडे तोंडात धरून उभी असताना मला स्वतःचाच राग आला. घरगुती म्हणून घेतलेली वस्तू, आणि तिच्यापायी मी महिन्याला आकड्यांची दोन पाकिटं विकत आणत होते!

पेन्सिलीला हे काहीच लागत नाही. हेल्मेट घालताना ओढून काढली, पर्समध्ये टाकली. पार्किंगमध्ये उतरल्यावर किल्ली हातात असतानाच अंबाडा तयार. मी कधी घड्याळ लावून पाहिलेलं नाही, पण लिफ्ट खाली येईपर्यंत होतो.

तिचे दोष नाहीत असं नाही. नुकत्याच न्हालेल्या केसांवर ती सरळ घसरते. न्हाण्याच्या दुसऱ्या दिवशी, किंवा बोटाला पुसण्याइतकं तेल असेल तर छान धरते. गोल, चकचकीत रंगाची पेन्सिल घेऊ नका, षटकोनी घ्या, तिच्या कडा केस धरतात. विणकामाची स्टीलची सुई दिसायला देखणी, पण तीही याच कारणाने निसटते. मागे रबर असलेली पेन्सिलही नको: रबर धरून ठेवणाऱ्या पत्र्याच्या पट्टीत केस अडकतात आणि काढताना डोळ्यांत पाणी येतं. टोक केलेली तर अजिबात नको. शिसपेन्सिल म्हणतो आपण, आत शिसं नसतं, ग्रॅफाइट आणि माती असते. पण ते ग्रॅफाइट पांढऱ्या ब्लाउजच्या पाठीवर उमटलं की धुऊन निघता निघत नाही. गाडीत मागे टेकून बसायचं असेल तरी ती टोचते. आणि बँकेत तुमचं टोक बघून कोणीतरी म्हणणारच, ‘बेन, जरा पेन आपजो ने.’ काढून द्यावी तर केस खांद्यावर, आणि पेन्सिलीला टोकही नाही.

पेन्सिल नसेल तर चायनीज पार्सलबरोबर येणारी बांबूची काडी. ती जरा लांब असते, खरखरीत असल्यामुळे पकडतेही घट्ट. फक्त आधी काचकागद फिरवा, नाहीतर कुसं केसांत राहतात. फाइन आर्ट्सच्या मुली पेंटिंगचा ब्रश खोचून हिंडतात, ते इथे आता कोणाला नवल राहिलेलं नाही.

गजऱ्याचं मात्र मला उशिरा कळलं. खंडेराव मार्केटमधून आणलेला गजरा मोज्यावर टिकवायला पुन्हा आकडेच. पेन्सिलीच्या अंबाड्याला दोन्ही बाजूंनी टोकं बाहेर असतात. दोऱ्याचे फास त्या टोकांत अडकवले की गजरा दिवसभर हलत नाही.

गरब्याला मात्र पेन्सिल नको. गर्दीत कोणाच्या डोळ्याला लागायची, आणि पहिल्या जलद फेरीतच निसटते. तिथे मोजा टिकतो खरा, पण दोन तासांनी घामाने इतका भिजतो की डोक्यावर ओलं पायपुसणं ठेवल्यासारखं वाटतं. माझी आजी वेणीला आगवळ, म्हणजे केस बांधायची दोरी, बांधायची. हल्ली ती मिळत नाही, म्हणून मी परकराची नवी सुती नाडी घेते, अंबाड्याभोवती तीन वेढे देते आणि खाली गाठ मारते. बांधायला दोन्ही हात आणि थोडी चिकाटी लागते, पण नऊच्या नऊ रात्री तिने दगा दिलेला नाही. भाजीच्या जुडीचं रबर मात्र कोणीही वापरू नये. काढताना ते केस घेऊनच येतं.

आणि काहीही बांधा, रोज त्याच जागी घट्ट ओढू नका. मोज्याच्या दोन वर्षांत माझ्या कपाळाकडचे केस विरळ झाले होते. मोजाच कारण होता असं छातीठोकपणे म्हणणार नाही, पण मी शेपटी फार ताणून बांधायचे हे खरं.

भाचीचे केस सध्या खांद्यापर्यंतच आहेत, त्यामुळे दिवाळीपर्यंत तिला मोजाच घालावा लागणार. पुण्याला तिला लीलो चेवडो, म्हणजे इथला ओलसर चिवडा, पाठवायचाच होता, त्याच डब्यात टोक न केलेल्या दोन षटकोनी पेन्सिली ठेवल्या आहेत.