फोटो एडिटिंग सॉफ्टवेअर: वर्षानुवर्षं सबस्क्रिप्शन की एकदाच खरेदी?

सबस्क्रिप्शन घ्यावं की एकदाच पैसे मोजून मोकळं व्हावं, असं विचारणारे बडोद्यातले बहुतेक जण पहिल्यांदा किंमत विचारतात. माझ्या मते किंमत तिसऱ्या नंबरावर येते. त्याआधी दोन गोष्टी बघा: येत्या दोन-तीन वर्षांत कॅमेरा बदलणार आहात का, आणि उद्या सॉफ्टवेअर सोडलंत तर जुन्या फोटोंवर केलेली मेहनत बरोबर येईल का.

कॅमेऱ्याचं आधी. फोटोशॉपची एकरकमी विकत मिळणारी शेवटची मुख्य आवृत्ती सीएस६, २०१२ सालची. ॲडोबी कंपनीच्याच लाइटरूमची, म्हणजे ढीगभर फोटो लावायच्या नि सुधारायच्या सॉफ्टवेअरची, अशी शेवटची आवृत्ती सहावी, २०१५ची. तिला डिसेंबर २०१७ मध्ये शेवटचा अपडेट आला आणि तिथेच ती थांबली. ती आजही चालते, पण त्यानंतर आलेल्या कॅमेऱ्यांच्या रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेले फोटो) तिला उघडता येत नाहीत. ॲडोबीचा फुकट डीएनजी कन्व्हर्टर वापरून त्या डीएनजी या सामाईक रॉ प्रकारात बदलून वाट काढता येते, पण गरब्याच्या एका रात्रीत हजारभर फोटो काढणाऱ्याने ते सगळे आधी कन्व्हर्ट करत बसायचं म्हणजे झोपेचं खोबरं. तिचं नकाशाचं पान तर २०१८च्या अखेरीस बंदच पडलं, कारण नकाशे गूगलकडून यायचे. एकदाच खरेदीत सॉफ्टवेअर तुमचं राहतं, पण ते त्या दिवशी जसं होतं तसंच राहतं.

सबस्क्रिप्शनवाल्याला ही चिंता नाही. नवा कॅमेरा बाजारात आला की थोड्या दिवसांत त्याच्या फाइल उघडायला लागतात. शिवाय नव्या सोयी आपोआप मिळतात. त्यातली बडोद्यात खरोखर कामाची एक म्हणजे २०२३ मध्ये लाइटरूममध्ये आलेला एआय डीनॉइज, म्हणजे अंधारातल्या फोटोंवरचे दाणे (नॉइज) काढणारी सोय. नवलखी मैदानावर रात्री अकराला आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ६४०० वर नेऊन काढलेला फोटो मोठा करून बघा. चणिया-चोळीवरचे आरसे चमकतात, पण शेजारच्या गर्द निळ्या कापडावर रंगीत दाणे पसरलेले असतात आणि चेहऱ्यावर एलईडीचा जांभळा डाग. डाग तुम्हालाच काढावा लागतो. दाणे मात्र डीनॉइज असे काढतो की आभल्याभोवतीचा टाका न् टाका शाबूत राहतो. फक्त लॅपटॉपला बरं ग्राफिक्स कार्ड हवं. ते नसेल तर एकेका फोटोला मिनिटं मोजत बसाल.

हेच काम एकदाच विकत मिळणारं डीएक्सओ फोटोलॅबही करतं, आणि माझ्या डोळ्यांना कित्येकदा जास्त चांगलं करतं. त्याच कंपनीचं प्युअररॉ तर नॉइज आणि लेन्सचे दोष काढून डीएनजी हातात देतं. ती फाइल पुढे कुठेही उघडा, अगदी जुन्या लाइटरूममध्येसुद्धा. घेण्याआधी तुमचा कॅमेरा आणि लेन्स त्यांच्या यादीत आहे का तेवढं तपासा.

आता दुसरी गोष्ट, जिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. लाइटरूममधले बदल मूळ फोटोवर होत नाहीत, कॅटलॉगमध्ये सूचनांच्या रूपात राहतात. सबस्क्रिप्शन संपलं तरी लाइटरूम क्लासिक उघडतं, फोटो दिसतात, एक्सपोर्टही होतात. फोटो सुधारायचं डेव्हलपचं पान आणि नकाशाचं पान मात्र बंद होतं. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये गेलात तर फोटोंना दिलेले तारे आणि कीवर्ड बरोबर येतात, मास्क (फोटोच्या ठरावीक भागापुरते बदल) आणि स्लायडरचं काम बहुतेक मागेच राहतं. फोटोलॅब सोडणाऱ्याचीही हीच गत. म्हणून सोडायचं ठरवलंत तर पैसे चालू असतानाच गिऱ्हाइकांची कामं पूर्ण आकारात टिफमध्ये काढून घ्या.

पैशांबद्दल. ॲडोबीच्या ज्या प्लॅनला लोक मासिक समजतात, तो बहुधा वार्षिक करार असतो, हप्ते तेवढे मासिक. चौदा दिवसांनंतर रद्द केलात तर उरलेल्या महिन्यांच्या रकमेच्या निम्मे पैसे लागतात. हे शुल्क झाकून ठेवल्याच्या आरोपावरून अमेरिकेच्या ग्राहक-संरक्षण खात्याच्या शिफारशीवरून तिथल्या न्याय खात्याने जून २०२४ मध्ये कंपनीवर दावाही लावला. आपल्याकडे कमाई हंगामी. नवरात्र, मग तुळशीच्या लग्नानंतरची लग्नसराई, आणि डिसेंबरच्या मध्यापासून उत्तरायणापर्यंत (संक्रांतीपर्यंत) कमुरता, म्हणजे लग्नं न करण्याचा महिना, तेव्हा हॉल ओस आणि स्टुडिओ रिकामे. हप्ता मात्र कमुरता पाळत नाही. सबस्क्रिप्शनच घ्यायचं असेल तर गरब्याचे पैसे हातात असताना वर्षाचं एकदम भरा.

‘एकदाच’ या शब्दावरही डोळे मिटून विश्वास नको. फोटोशॉप एलिमेंट्स एकदाच विकत मिळतं खरं, पण २०२५च्या आवृत्तीपासून त्याचं लायसन्स तीन वर्षांचंच आहे. रॉ फोटो सुधारणारं कॅप्चर वन दोन्ही पद्धतींनी मिळतं, पण २०२३ पासून त्याच्या एकरकमी लायसन्सवर पुढच्या नव्या सोयी मिळत नाहीत. किमतीचा हिशेब करताना चार वर्षांचं सबस्क्रिप्शन एका बाजूला, आणि लायसन्स अधिक मधला एक अपग्रेड दुसऱ्या बाजूला, असा धरा.

आणि तिसरा रस्ता तर आता फुकटच आहे. फोटोशॉपला पर्याय असलेलं अफिनिटी एकेकाळी एकरकमी खरेदीचं मुख्य आकर्षण होतं. ऑनलाइन डिझाइनवाल्या कॅनव्हा कंपनीने २०२४ मध्ये ते विकत घेतलं आणि ऑक्टोबर २०२५ पासून फुकट केलं. कॅनव्हाचं खातं लागतं, एआयच्या सोयींना पैसे पडतात. रॉसाठी डार्कटेबल आहे, तेही फुकट, शिकायला कटकटीचं पण तगडं. फाइन आर्ट्सच्या विद्यार्थ्याने या जोडीवर दोन वर्षं निवांत काढावीत. घरच्या लग्नमुंजीचे जुने फोटो स्कॅन करून नीट करायचे असतील त्यानेही काही विकत घेऊ नये.

बडोद्याजवळच्या वढवाणा तलावावर थंडीत पट्टकादंब पक्षी टिपायला जाणाऱ्या, कॅमेरा पाच-सहा वर्षं न बदलणाऱ्या हौशी माणसाला मी फोटोलॅब सांगेन.

लग्नाचे अल्बम करणाऱ्याने मात्र फोटोशॉपचं सबस्क्रिप्शन घ्यावं, कुरकुरत का होईना. १२ बाय ३६ इंची पानं, विकत आणलेले पीएसडी (फोटोशॉपची स्वतःची फाइल) टेम्प्लेट, डिझायनरकडून प्रेसकडे आणि परत, हा सगळा कारभार पीएसडीवर चालतो. अफिनिटी पीएसडी उघडतं, पण एखादा इफेक्ट बदलतो, अक्षरं सरकतात, आणि हे कळतं ते अल्बम छापून आल्यावर. ‘काका, क्रॅक टाकून देतो की’ म्हणणारा कॉम्प्युटरवाला प्रत्येक गल्लीत भेटतो. ज्या मशीनवर गिऱ्हाइकांच्या लग्नाचे फोटो आहेत तिथे कुणीतरी फोडलेली फाइल चालवणं मला पटत नाही, कायद्याची गोष्ट तर वेगळीच.

ट्रायल आधी घेऊन ठेवू नका. तुमचे सगळ्यात अंधारे, दाणेदार फोटो हातात आले की मगच सुरू करा आणि तुमच्याच लॅपटॉपवर किती वेळ लागतो ते बघा. ॲडोबीचा ट्रायल कार्ड मागतो आणि सात दिवसांत रद्द केला नाही तर आपोआप सबस्क्रिप्शन सुरू होतं, तेव्हा सहाव्या दिवसाचं रिमाइंडर लावून ठेवा.