अ बकेट ऑफ ब्लड (१९५९): खुनी एकटा वॉल्टरच का?

खुनी कलाकारावरचे थ्रिलर म्हटले की तो माणूस जाम हुशार असणार, थंड डोक्याचा असणार आणि पोलिस त्याच्या मागे नुसते धापा टाकत फिरणार, हे आता इतकं पाठ झालंय की कंटाळा येतो. रॉजर कॉर्मनच्या या ब्लॅक अँड व्हाइट पिक्चरमधला वॉल्टर पेझ्ली तसला अजिबात नाहीये, तो कॅफेत टेबलं पुसतो. कॅफेत सगळी कवी, चित्रकार, गिटारवाली मंडळी पडीक, आणि हा खरकटे कप उचलता उचलता त्यांच्या कविता पाठ करतो, पण त्याला कोणी हिंग लावून विचारत नाही.

एका रात्री घरी मातीचा गोळा घेऊन कॅफेतल्या कार्लाचा चेहरा करायला बसतो (तिच्यावर जीव जडलाय ना), नाक काही केल्या जमत नाही, मग त्या मातीवरच खेकसतो. घरमालकिणीचं मांजर भिंतीत अडकलेलं असतं, त्याला सोडवायला हा भिंतीत सुरी खुपसतो आणि सुरी नेमकी मांजरालाच. आता लपवायचं कसं, तर वरून माती थापली! दुसऱ्या दिवशी तेच कॅफेत घेऊन जातो, नाव काय तर 'मेलेलं मांजर', सुरी तशीच रुतलेली, आणि लोक खल्लास. काय वास्तव, काय वेदना वगैरे सुरू. मी इथे फिस्सकन हसलो.

पण हसू फार टिकत नाही, आणि मला पिक्चर आवडला तो त्याचसाठी. मांजर चुकून मेलं. मग साध्या वेशातला पोलिस त्याला ड्रग्जसाठी पकडायला येतो, तो घाबरून हातातलं फ्राइंग पॅन हाणतो, तो खून भीतीने. मॉडेल ॲलिसला मात्र तो ठरवून घरी बोलावतो. आणि त्यापुढचा माणूस तर त्याच्या ओळखीचाही नाही, नुसतं डोकं पाहिजे होतं म्हणून. प्रत्येक वेळी आधीच्या पुतळ्याला मिळालेली दाद त्याला एक पायरी खाली ढकलते. ॲलिसच्या सीनमध्ये तो बापडा अजून तसाच लाजराबुजरा बोलतो आणि तेच जास्त भयानक वाटतं.

माझ्या मते खरा व्हिलन कॅफेचा मालक लेनर्ड. त्याला मातीखालचे केस दिसतात, सगळं कळतं, फोनपर्यंत हात गेलेला असतो आणि तेवढ्यात एक शौकीन त्या मांजराचे ५०० डॉलर द्यायला तयार होतो. फोन राहिला! पुढे हा माणूस वॉल्टरला समजावत राहतो की बाबा जरा दुसरं काहीतरी कर, अमूर्त वगैरे. म्हणजे खून थांबावेत असं वाटतं, पण पोलिसांकडे जायचं नाही, धंदा पण बुडायला नको.

डिक मिलर वॉल्टर म्हणून लाजवाब, त्याचा चेहराच असा की राग यायच्या आधी कीव येते. पुढे त्याला बऱ्याच पिक्चरमध्ये हेच वॉल्टर पेझ्ली नाव दिलं गेलं, यावरून काय ते समजा. फ्रेड कॅट्झचं जॅझ म्युझिकही मस्त बसलंय.

खटकलेलं म्हणाल तर गरिबी दिसते. अंदाजे ५०,००० डॉलरमध्ये पाच दिवसांत उरकलेलं शूटिंग, त्यामुळे 'प्रेताचे' पुतळे म्हणजे सरळ कपड्याच्या दुकानातल्या बाहुल्या वाटतात. शिवाय ओली माती वाळली की आकसते, तडकते, आत प्रेत असेल तर वासाचं तर विचारूच नका, आणि हे सगळे कलेचे जाणकार पुतळ्याला नाक लावून उभे तरी कोणाला शंका नाही. आधी वाटलं लेखकाची चूक, मग वाटलं नाही यार, हाच तर जोक आहे. पोलिसांचा ट्रॅक मात्र खरंच बोअर, कॉफी घेऊन या तेवढ्यात.

माझ्याकडून ५ पैकी ३.५. शेवटी वॉल्टरच्या पुतळ्यांच्या प्रदर्शनात काय होतं ते सांगत नाही, ६६ मिनिटांचाच तर आहे, बघून टाका. घरात मांजर असेल तर सुरुवातीला तिला दुसऱ्या खोलीत ठेवा, तिचं नाही, तुमचंच लक्ष लागणार नाही.