रंकाळ्यावरचा अर्धमॅरेथॉन सराववर्ग : एका नवशिक्याचा अभिप्राय

वयाच्या ४९व्या वर्षी २१.०९७५ किलोमीटर धावण्याचे मनात आले, तेव्हा कोल्हापुरात रंकाळा तलावावर पहाटे भरणाऱ्या एका सराववर्गात मी १६ आठवड्यांसाठी नाव नोंदवले. पहिल्याच दिवशी प्रशिक्षकांनी धावायला न लावता आधी हृदयाची तपासणी करून आणायला सांगितली, हे मला विशेष आवडले. सुरुवातीला चार मिनिटे धावणे आणि एक मिनिट चालणे एवढेच होते. शेजारच्याशी सलग बोलता येईल इतकाच वेग ठेवायचा, वाक्य दमाने तुटले की लगेच चालू लागायचे, हा नियम त्यांनी इतक्या कसोशीने पाळून घेतला, की माझ्यासारख्या बोलघेवड्याला ती सवलतच वाटली.

रविवारची लांब धाव शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात असे. चढावर प्रशिक्षक शेजारी धावत "काका, पावलं लहान टाका" एवढेच सांगत, आणि पोटऱ्यांवरचा ताण खरोखरच हलका होई. शनिवारी रात्री तांबड्या रश्श्याला हात लावायचा नाही, हे पथ्य मात्र मी दोनदा मोडले आणि दोन्ही वेळा आठव्या किलोमीटरला ते भोगले.

ताकदीचे व्यायाम इथे फारच उरकते घेतले जातात. अकराव्या आठवड्यात माझी नडगी दुखू लागली, तेव्हा "सवय होईल" असे उत्तर मिळाले. वास्तविक दमसास लवकर वाढला तरी हाडे आणि कंडरा सावकाश तयार होतात. मी स्वतःहूनच १० दिवस विश्रांती घेतली. ते दिवस पुढे भरून मिळाले नाहीत.